क्रांतिसिंह नाना पाटील

क्रांतिसिंह नाना पाटील (जन्म : ३ ऑगस्ट १९००, मृत्यू : ६ डिसेंबर १९७६) हे भारतीय स्वातंत्र्यलढ्यातील एक अग्रणी क्रांतिकारक, शेतकरी नेते आणि संसदपटू होते. त्यांचे संपूर्ण नाव नाना रामचंद्र पिसाळ. घराण्याकडे असलेल्या पाटीलकीमुळे ते पाटील या नावाने ओळखले गेले. १९४३ ते १९४६ या काळात तत्कालीन सातारा जिल्ह्यात ब्रिटिश सत्तेला न जुमानता जे प्रतिसरकार चालले, त्याचे ते सर्वमान्य नेते होते. हे प्रतिसरकार जेमतेम तीन वर्षे टिकले. त्याला राजधानी नव्हती, सचिवालय नव्हते, नाणे नव्हते. तरीही त्याचा निवाडा गावोगाव मानला जात असे. आजचा सांगली जिल्हा त्या वेळी साताऱ्याचाच भाग होता. १९४९ मध्ये त्याचा दक्षिण सातारा हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्यास सांगली हे नाव मिळाले. म्हणून या लेखात सातारा असा उल्लेख येतो तेथे वाचकाने दोन्ही जिल्हे मिळून होणारा प्रदेश डोळ्यांपुढे आणावा.

पूर्वायुष्य

नाना पाटील यांचे गाव वाळवा तालुक्यातील येडेमच्छिंद्र. घर शेतकऱ्याचे, वळण वारकरी. आईचे नाव गोजराबाई. शिक्षण मराठी शाळेत झाले. अंगापिंडाने धिप्पाड असलेल्या नानांना तालमीचा शौक होता आणि तुकोबांचे अभंग मुखोद्गत होते. पुढे त्यांच्या भाषणांत अभंगाचा चरण, शेतावरचा दृष्टान्त आणि गावरान कोपरखळी यांचे जे मिश्रण आढळे, त्याचा उगम या घडणीत आहे.

व्हर्नाक्युलर फायनल परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर त्यांनी तलाठ्याची नोकरी धरली. चरित्रकार या नोकरीचा उल्लेख एका ओळीत उरकतात; वस्तुतः तिला अधिक महत्त्व द्यावयास हवे. तलाठी हा सरकारचा सर्वांत खालचा आणि म्हणूनच सर्वांत जवळून गाव पाहणारा माणूस. कोणाची जमीन गहाण पडली आहे, कोणत्या बांधावरून दोन भाऊ कोर्टात गेले आहेत, शेतसारा भरण्यासाठी कोणी दागिना मोडला आहे, हे त्याच्या दप्तरात अथवा त्याच्या कानावर असते. गावगाड्यावर सरकारची सत्ता प्रत्यक्षात कशी चालते, कागद कोठे अडतो आणि गरिबाला तालुक्याच्या ठिकाणी किती हेलपाटे घालावे लागतात, याचे शिक्षण नानांना या दप्तराने दिले. पुढे याच माणसाने सरकारी कचेरीवाचून न्याय करणारी व्यवस्था लोकांपुढे ठेवली, हा योगायोग म्हणता येणार नाही.

याच सुमारास सातारा जिल्ह्यात सत्यशोधक चळवळ जोरात होती. महात्मा फुले यांचे विचार तमासगिरांच्या जलशांतून खेड्यापाड्यांत पोहोचत होते. सावकारशाही, पुरोहितशाही आणि लग्नकार्यातील उधळपट्टी यांवर जलशांचा मुख्य मारा असे. नाना पाटील या चळवळीत ओढले गेले. साताऱ्यातील बहुजन समाजाला त्या काळी काँग्रेस ही आपली संस्था वाटत नसे. ती शहरातल्या वकिलांची आणि पांढरपेशांची संस्था समजली जाई. १९३० च्या आगेमागे ब्राह्मणेतर चळवळीतील केशवराव जेधे यांच्यासारखे कार्यकर्ते काँग्रेसमध्ये आले आणि चित्र पालटले. ज्या जिल्ह्यात सत्यशोधक विचार खोलवर रुजला होता, त्याच जिल्ह्यात पुढे प्रतिसरकार उभे राहिले. स्वराज्याची मागणी आणि सावकाराविरुद्धची चीड या दोन गोष्टी तेथे एकाच माणसाच्या मनात नांदत होत्या.

नोकरीचा राजीनामा

१९३० मध्ये महात्मा गांधींनी सविनय कायदेभंगाची हाक दिली. नाना पाटील यांनी तलाठ्याची नोकरी सोडली आणि चळवळीत उडी घेतली. सातारा जिल्ह्याला समुद्र नाही, मिठागरे नाहीत. तेथे कायदेभंग झाला तो जंगल सत्याग्रहाच्या रूपाने. राखीव जंगलातले गवत आणि झाडे तोडून कायदा मोडावयाचा, असा हा प्रकार. शिराळा भागातील बिळाशी येथे लोकांनी तिरंगा उभारून काही आठवडे सरकारी अंमल झुगारून दिला. अखेरीस पोलिसांच्या मोठ्या तुकड्या आणून तो उठाव मोडावा लागला. सरकार गावात शिरू शकत नाही असे काही दिवस असू शकतात, हा अनुभव वारणाकाठच्या लोकांनी १९४२ च्या बारा वर्षे आधीच घेतला होता.

पुढील दशकभरात नानांना अनेकदा तुरुंगवास घडला. सुटून आले की पायी गावोगाव हिंडावयाचे, सभा घ्यावयाच्या, मुक्काम शेतकऱ्याच्या ओसरीवर करावयाचा, असा क्रम चालू राहिला. त्यांच्या सभांना बायाबापड्या मुलांना कडेवर घेऊन येत. वृत्तपत्र न वाचणाऱ्या श्रोत्याला देशाचे राजकारण त्याच्या घरच्या भाषेत सांगणारा दुसरा वक्ता त्या काळी त्या मुलखात नव्हता.

१९४२ : मोर्चे आणि गोळीबार

८ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर 'छोडो भारत' ठराव संमत झाला. दुसऱ्या दिवसापासून राष्ट्रीय नेते तुरुंगात होते. सातारा जिल्ह्यातील कार्यकर्ते भूमिगत झाले आणि तालुक्याच्या कचेऱ्यांवर मोर्चे नेऊन तिरंगा फडकवावयाचा, असा कार्यक्रम आखला गेला. मोर्चे निःशस्त्र होते. ३ सप्टेंबर रोजी तासगावच्या कचेरीवर झेंडा लागला. त्यानंतर मात्र सरकारने बंदुका चालवल्या. ९ सप्टेंबरला वडूज येथे मोर्चावर झालेल्या गोळीबारात परशुराम घार्गे यांच्यासह नऊ जण धारातीर्थी पडले. १० सप्टेंबरला इस्लामपूर येथे उमाशंकर पंड्या आणि विष्णू बारपटे हे दोघे हुतात्मा झाले. नंदुरबारच्या वाचकाला यातील एक तारीख परिचयाची वाटेल. ज्या ९ सप्टेंबरला वडूजला गोळ्या सुटल्या, त्याच दिवशी नंदुरबारच्या चौकात शाळकरी शिरीषकुमार मेहता आणि त्याचे चार साथी लालदास, धनसुखलाल, शशिधर व घनश्याम यांनी प्राण ठेवले. शेकडो मैलांचे अंतर असलेल्या दोन गावांत एकाच दिवशी हाती झेंडा घेतलेली माणसे मारली गेली.

वडूज आणि इस्लामपूरनंतर साताऱ्यातील भूमिगतांपुढे प्रश्न उभा राहिला. मोर्चे काढावेत तर निःशस्त्र माणसे बळी पडतात. घरी बसावे तर आंदोलन विझते. आरंभीच्या काळात जिल्ह्यातील भूमिगत कार्याची सूत्रे ज्यांच्याकडे होती, त्या यशवंतराव चव्हाण यांना १९४३ मध्ये अटक झाली. वसंतदादा पाटील यांनी २४ जुलै १९४३ रोजी सांगलीचा तुरुंग फोडला. पोलिसांच्या गोळीने जखमी होऊन ते पुन्हा पकडले गेले. नेतृत्वाची एक फळी अशी तुरुंगात गेली आणि शेतकरी घरांतून आलेल्या, बहुतेक पंचविशीच्या आतबाहेरच्या तरुणांवर जबाबदारी येऊन पडली. नाना पाटील त्यांच्यात वयाने वडील होते.

प्रतिसरकार

१९४३ च्या मध्यास या गटांनी एकत्र येऊन प्रतिसरकाराची रचना केली. किसन वीर, नाथाजी लाड, जी. डी. (बापू) लाड, नागनाथअण्णा नायकवडी, पांडू मास्तर, कासेगावकर वैद्य, स्वामी रामानंद भारती हे त्यातील प्रमुख कार्यकर्ते. कुंडल, वाळवा, कराड, वाई, तासगाव अशा विभागांत त्यांचे गट विभागलेले होते आणि प्रत्येक गटाला आपापल्या मुलखात बरीच मोकळीक होती.

या रचनेत नाना पाटील यांचे नेमके स्थान काय होते, याविषयी पुष्कळ गैरसमज आहेत. लोककथेत ते घोड्यावरून येणारे, बंदूक रोखणारे सेनापती असतात. प्रत्यक्षात दैनंदिन हालचालींचे नियोजन आणि शस्त्रबद्ध कारवाया तरुण गटप्रमुख करीत. नाना पाटील हे प्रतिसरकारचा चेहरा आणि वाणी होते. डोक्यावर बक्षीस लागलेला हा माणूस रात्री एका गावात सभा घेई, पहाटेपूर्वी दुसऱ्या गावी पोहोचे, आणि हजारो श्रोत्यांपैकी कोणी पोलिसांना वर्दी देत नसे. असे सुमारे चव्वेचाळीस महिने चालले. भूमिगत नेत्याने जाहीर सभा घ्याव्यात आणि तरी तो सापडू नये, यावरूनच त्या मुलखावर सत्ता कोणाची होती ते कळते. गटागटांत मतभेद होत, मानापमान होत. अशा वेळी सर्वांना मान्य असा शब्द नानांचाच असे.

भूगोलानेही या मंडळींना साथ दिली. सातारा जिल्ह्याच्या आत-बाहेर औंध, सांगली, मिरज, कोल्हापूर, फलटण, जत अशा संस्थानांची ठिगळे पसरलेली होती. ब्रिटिश हद्दीतील पोलिसाला संस्थानच्या हद्दीत मुक्तपणे शिरता येत नसे. प्रतिसरकारचे बालेकिल्ला असलेले कुंडल हे गाव औंध संस्थानात मोडत होते. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३९ मध्येच प्रजेला स्वशासनाची घटना देऊन टाकली होती. भूमिगतांविषयी तेथे सहानुभूती होती. एका हद्दीत काम करावयाचे आणि नदी ओलांडून दुसऱ्या हद्दीत निजावयाचे, हे कृष्णाकाठच्या माणसाला अवघड नव्हते.

प्रतिसरकारचा अंमल किती गावांत होता, याचे आकडे दीडशेपासून सहाशेपर्यंत वेगवेगळे दिले जातात. जेथे रीतसर समिती नेमलेली होती अशीच गावे धरली तर पहिला आकडा जवळचा ठरतो. जेथे प्रतिसरकारचा शब्द चालत असे ती सर्व गावे धरली तर दुसरा.

न्यायदान

शस्त्रे, रेल्वे आणि खजिने यांच्या कथा अधिक रंगतात, परंतु प्रतिसरकारला सरकार हे नाव शोभते ते त्याच्या न्यायदानामुळे. सरकारी कोर्टात जमिनीचा दावा म्हणजे वर्षानुवर्षांचा खर्च. कज्ज्यापायी जमीन गेली ही तक्रार त्या काळी घरोघर होती. प्रतिसरकारच्या न्यायपंचायतीत वकील नव्हता, स्टँप नव्हता. दोन्ही पक्षांना गावकऱ्यांसमोर बोलावले जाई, साक्षी जागेवरच होत आणि निवाडा एकदोन बैठकांत लागे. बांधाचे तंटे, भाऊबंदकीच्या वाटण्या, सावकाराकडे अडकलेली गहाणखते, टाकून दिलेल्या बायकांचे पोटगीचे प्रश्न, असे नाना प्रकारचे खटले पुढे येत. प्रारंभी हा न्याय भूमिगत कार्यकर्ते स्वतः करीत. पुढील टप्प्यात गावानेच निवडलेल्या पंचांकडे तो सोपविण्याचा प्रयत्न झाला. हा बदल महत्त्वाचा होता. कमरेला पिस्तूल असलेल्या माणसाने दिलेला निकाल कितीही न्याय्य असला तरी तो पिस्तुलाचा निकाल राहतो. गावच्या पंचांचा निकाल गावचा असतो.

न्यायासोबत सुधारणेचेही काम चालले. दारूचे गुत्ते बंद करण्यात आले. वाचनालये निघाली. अस्पृश्यतेविरुद्ध प्रचार झाला. युद्धकाळात धान्य, कापड आणि रॉकेल यांचा तुटवडा होता व काळाबाजार माजला होता. साठेबाजांवर वचक बसवून माल वाजवी दराने वाटला जावा याकडे कार्यकर्ते लक्ष देत. लग्नखर्चापायी कर्जबाजारी होणाऱ्या शेतकऱ्यांसाठी 'गांधी लग्न' ही पद्धत रूढ करण्यात आली. हुंडा नाही, वाजंत्री नाही, मानपान नाही; वधूवरांनी सुताचे हार एकमेकांना घालावयाचे आणि पाहुण्यांनी साधे जेवून घरी जावयाचे. नाना पाटील अशा लग्नांना आवर्जून हजर राहत. सत्यशोधक जलशांतून जे ऐकले होते तेच येथे राज्यकारभार म्हणून अमलात येत होते. शाहीर शंकरराव निकम यांच्या पोवाड्यांनी हा कार्यक्रम गावोगाव नेला.

पत्री

प्रतिसरकारला लोक 'पत्री सरकार' म्हणू लागले. 'प्रति'चा हा बोलीतील अपभ्रंश असला, तरी त्याला दुसरा अर्थही चिकटला. बैलाच्या खुरांना लोखंडी पत्र्या ठोकतात. खबऱ्यांच्या आणि गुंडांच्या तळपायांना प्रतिसरकारवाले तशाच पत्र्या ठोकतात, अशी वदंता पसरली. वस्तुस्थिती अशी, की गुन्हेगाराचे पाय बांधून तळव्यांवर काठीचे फटके मारण्याची शिक्षा दिली जाई. तिच्यामुळे माणूस काही दिवस चालू शकत नसे. खिळे ठोकल्याच्या कथा सरकारच्या बाजूने बदनामीसाठी आणि लोकांच्या बाजूने दरारा वाढविण्यासाठी, अशा दोन्हीकडून फुगविल्या गेल्या.

तरीही ही शिक्षा क्रूर होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. काही खबरे आणि दरोडेखोर जिवानिशीही गेले. या मुलखात त्या काळी दरोडेखोरांच्या टोळ्या होत्या, आणि त्यांतील काही स्वातंत्र्यसैनिकांचे नाव सांगून लूटमार करीत; त्यांचा बंदोबस्त केल्याखेरीज प्रतिसरकारवर विश्वास बसणे शक्य नव्हते. रात्री निर्धास्त झोप लागू लागली, ही गोष्ट सामान्य माणसाला पटली. परंतु तुरुंग नसलेल्या सरकारला शिक्षेचे मार्ग थोडेच असतात: दंड, बहिष्कार आणि मार. प्रतिसरकारने तिन्ही वापरले. चौकशी नीट झाली की नाही, वैयक्तिक हेवेदाव्यातून कोणावर आळ आला की काय, हे प्रश्न त्या वेळीही विचारले जात. अहिंसेच्या मार्गाने आलेल्या नाना पाटलांना या प्रश्नांची जाणीव नसेल असे म्हणता येत नाही. मात्र त्यांनी आपल्या सहकाऱ्यांना कधी दूर लोटले नाही. १९४४ मध्ये तुरुंगातून सुटल्यावर गांधीजींनी भूमिगतांना प्रकट होण्याचा सल्ला दिला. देशभरातील अनेकांनी तो मानला. साताऱ्यातील प्रतिसरकार मात्र चालूच राहिले.

तुफान सेना

प्रतिसरकारचे सशस्त्र दल म्हणजे तुफान सेना. तिची उभारणी कुंडल परिसरात झाली. जी. डी. लाड आणि कॅप्टन भाऊ (रामचंद्र लाड) हे तिचे प्रमुख. ७ जून १९४३ रोजी शेणोली येथे पुणे-मिरज गाडी अडवून सरकारी पगाराची रक्कम ताब्यात घेण्यात आली. तारा तोडणे, डाकबंगले जाळणे, पोलिसांची हत्यारे काढून घेणे असे प्रकार वारंवार घडले. सरकारी तिजोरीतील पैसा हा मूळचा रयतेचा असल्याने तो परत घेणे म्हणजे लूट नव्हे, अशी या मंडळींची धारणा होती.

या कामात स्त्रियांचा वाटा फार मोठा होता. नाना पाटील यांची कन्या हौसाताई यांची गोष्ट विशेष सांगण्याजोगी आहे. भवानीनगर येथील पोलीस ठाण्यासमोर त्यांनी व एका सहकाऱ्याने नवराबायकोच्या भांडणाचे सोंग वठविले. नवरा बायकोला मारहाण करीत आहे असे पाहून पोलीस सोडवावयास बाहेर धावले. तेवढ्यात साथीदारांनी ठाण्यातील बंदुका लांबविल्या. मार मात्र खराखुरा खावा लागला होता. पोर्तुगीज गोव्यात पकडल्या गेलेल्या एका सहकाऱ्याच्या सुटकेसाठी त्या तेथे गेल्या आणि परतताना रात्रीच्या काळोखात लाकडी पेटीच्या आधाराने त्यांनी मांडवी नदी पार केली. २३ सप्टेंबर २०२१ रोजी त्यांचे निधन झाले.

कुटुंबाने दिलेली किंमत याहूनही मोठी होती. सरकारने नानांचे घर आणि जमीन जप्त केली. ते भूमिगत असतानाच मातोश्री गोजराबाई यांचे निधन झाले. पोलीस पाळतीवर असतील हे ठाऊक असूनही नाना आले आणि त्यांनी कराड येथे आईवर अंत्यसंस्कार केले.

चिमठाणे

प्रतिसरकारचा खानदेशाशी आलेला संबंध म्हणजे चिमठाण्याचा खजिना. साताऱ्याच्या ग्रंथांत हा प्रसंग एक परिच्छेद घेतो. धुळे-नंदुरबार भागात मात्र नाना पाटलांचे नाव निघाले की पहिल्यांदा तोच आठवतो. प्रतिसरकार चालवावयास पैसा लागे. हत्यारे, भूमिगतांचा निर्वाह, तुरुंगात गेलेल्यांच्या घरची चूल, या सर्वांचा भार शेतकऱ्यांच्या भाकरीवर किती काळ टाकणार? साताऱ्यात बंदोबस्त कडक झाला होता. अमळनेर परिसरातील डॉ. उत्तमराव पाटील व लीलाताई पाटील यांच्या भूमिगत गटाशी कुंडल-वाळव्याच्या मंडळींचा संपर्क होता. धुळ्याहून नंदुरबारकडे सरकारी खजिना मोटारीने जातो ही माहिती या खानदेशी कार्यकर्त्यांच्या हाती होती.

१४ एप्रिल १९४४ रोजी शिंदखेडा तालुक्यातील चिमठाणे गावाजवळ ही मोटार अडविण्यात आली. जी. डी. लाड आणि नागनाथअण्णा नायकवडी या मोहिमेत प्रत्यक्ष सहभागी होते. सुमारे साडेपाच लाख रुपये क्रांतिकारकांच्या हाती आले. त्या काळच्या मानाने ही रक्कम प्रचंड होती. सोन्याचा तोळा तेव्हा शंभर रुपयांच्या आत मिळे. खानदेशच्या उघड्याबोडक्या माळरानावर चैत्राच्या उन्हात लपावयास कृष्णाकाठचा ऊस नाही की सह्याद्रीची दरी नाही. अशा मुलखातून पाठलाग चुकवीत एवढा पैसा शेकडो मैल दक्षिणेस नेणे हे तो लुटण्याहून कठीण काम होते, आणि ते स्थानिक माणसांच्या मदतीवाचून झाले नसते. नाना पाटील स्वतः या मोहिमेत नव्हते. चिमठाण्यास आज या घटनेचे स्मारक आहे.

नागनाथअण्णांना त्याच वर्षी अटक झाली आणि त्याच वर्षी ते साताऱ्याच्या तुरुंगातून निसटले. सरकारचा पाठलाग अखेरपर्यंत चालू होता. फेब्रुवारी १९४६ मध्ये, म्हणजे स्वातंत्र्य उंबरठ्यावर आले असताना, मणदूरच्या परिसरात पोलिसांशी झालेल्या चकमकीत किसन अहिर आणि नानकसिंग हे दोघे ठार झाले.

प्रतिसरकारची अखेर

१९४२ च्या आंदोलनात देशात अन्यत्रही समांतर सरकारे उभी राहिली. उत्तर प्रदेशातील बलिया येथे चित्तू पांडे यांचे सरकार काही दिवसच टिकले. बंगालमधील तमलुकचे ताम्रलिप्त जातीय सरकार डिसेंबर १९४२ पासून १९४४ पर्यंत चालले. साताऱ्याचे सरकार सर्वांत उशिरा मावळले आणि ते मोडून काढण्यात ब्रिटिशांना यश आले नाही. १९४६ च्या निवडणुकांनंतर मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर यांचे काँग्रेस मंत्रिमंडळ अधिकारावर आले, भूमिगतांवरील वॉरंटे मागे घेण्यात आली आणि नाना पाटील कराड तालुक्यात प्रकट झाले. त्यांना पाहण्यासाठी लोटलेल्या गर्दीत अनेक जण असे होते, की ज्यांनी त्यांना अंधाऱ्या रात्री कंदिलाच्या उजेडात ऐकले होते, पण दिवसाउजेडी कधी पाहिले नव्हते.

न्यायपंचायती बंद झाल्या. बांधाचे तंटे पुन्हा तालुक्याच्या कोर्टात जाऊ लागले.

स्वातंत्र्यानंतर

लढ्यातील सहकाऱ्यांचे मार्ग पुढे वेगळे झाले. यशवंतराव चव्हाण, वसंतदादा पाटील आणि किसन वीर काँग्रेसमध्ये राहिले; पहिले दोघे मुख्यमंत्री झाले. नाना पाटील यांना काँग्रेसचे राज्य शेतकऱ्याचे राज्य वाटले नाही. शंकरराव मोरे व केशवराव जेधे यांच्या शेतकरी कामगार पक्षात ते प्रारंभीच्या काळात सामील झाले. तेथून ते भारतीय कम्युनिस्ट पक्षात गेले आणि अखेरपर्यंत त्याच पक्षात राहिले. १९५५ मध्ये डहाणू येथे झालेल्या अखिल भारतीय किसान सभेच्या अधिवेशनाचे अध्यक्षपद त्यांना देण्यात आले. डहाणू हे वारली आदिवासींच्या वेठबिगारीविरुद्धच्या लढ्याचे केंद्र. गळ्यात तुळशीची माळ शोभावी अशा घरातून आलेला हा माणूस लाल बावट्याखाली उभा राहिला याचे अनेकांना नवल वाटे, परंतु त्यांच्या भाषणांतील अभंग काही थांबले नाहीत.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत त्यांनी महाराष्ट्र पिंजून काढला. १९५७ च्या निवडणुकीत ते सातारा मतदारसंघातून लोकसभेवर निवडून गेले. संसदेत ते मराठीतून बोलले. १९६७ मध्ये त्यांनी बीड मतदारसंघातून निवडणूक जिंकली. कृष्णाकाठच्या माणसाला मराठवाड्यातील दुष्काळी जिल्ह्याने निवडून द्यावे, ही त्या काळच्या राजकारणातही विरळ गोष्ट होती. बीडचा मतदार त्यांना मुख्यतः पत्री सरकारमुळेच ओळखत होता. हैदराबाद मुक्तिलढ्याच्या वेळी साताऱ्यातील जुन्या सैनिकांनी रझाकारांविरुद्ध सीमेवर मदत केली होती, हेही मराठवाड्याला ठाऊक होते.

संसदीय कामकाजात त्यांचा ठसा त्यांच्या भूमिगत काळाएवढा उमटला नाही, हे मान्य केले पाहिजे. समित्या, दुरुस्त्या आणि हरकतीचे मुद्दे हे त्यांचे क्षेत्र नव्हते. त्यांचे सभागृह गावच्या चावडीपुढचे पटांगण.

मृत्यू आणि स्मृती

६ डिसेंबर १९७६ रोजी नाना पाटील यांचे निधन झाले. वाळवा येथे त्यांच्यावर अंत्यसंस्कार करण्यात आले. खासदारकीच्या दोन कारकिर्दी होऊनही त्यांनी मागे संपत्ती ठेवली नाही.

सातारा जिल्ह्यातील शिरवळ येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयाला त्यांचे नाव देण्यात आले आहे. अमेरिकेत जन्मलेल्या आणि कासेगाव येथे स्थायिक झालेल्या अभ्यासक गेल ऑम्वेट यांनी प्रतिसरकारचा अभ्यास केला, पत्रकार पी. साईनाथ यांनी हौसाताई व कॅप्टन भाऊ यांच्यासारख्या हयात सैनिकांच्या आठवणी त्यांच्या वृद्धापकाळी नोंदवून घेतल्या. नागनाथअण्णा नायकवडी यांनी वाळव्यात उभारलेल्या सहकारी साखर कारखान्याला मणदूरच्या चकमकीत पडलेल्या किसन अहिर यांचे नाव आहे.